चाळून घेतलेलं खत

पुणे,
२४ जून १९९६

ती. स्व. वैजिनाथ काकांना,

रुचिकाचा नमस्कार. तुमची खुशाली बाबांकडून कळत असते, पण या वेळी मीच लिहायला बसले, कारण काम माझं आहे. एम.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला एक प्रबंध लिहावा लागतो. माझा विषय आहे 'यशस्वी उद्योजकाचे गुण आणि त्याची समाजातली भूमिका'. वर्गातल्या सगळ्यांनी भोसरी-पिंपरीचे कारखानदार धरले. मी उठून म्हटलं, मी बीड जिल्ह्यातला उद्योजक घेते. वर्ग हसला. सर म्हणाले, "तिकडून तर माणसं कामासाठी बाहेर पडतात. मिळाला कोणी तर जरूर घ्या."

तेव्हापासून डोक्यात तेच आहे. काका, आपल्याकडे नवं काही सुरू करणारं कोणीच नसेल? की आहे आणि आपण त्याला उद्योजक म्हणत नाही? सरांनी बारा गुणांची यादी दिली आहे, ती सोबत पाठवते. गावातला, आसपासचा कोणी आठवला तर कळवा. माणूस मोठा नसला तरी चालेल. मला फक्त त्याने ते कसं केलं हे समजून घ्यायचं आहे.

काकूंना नमस्कार.

तुमची,
रुचिका

*

युसूफ वडगाव, ता. केज,
६ जुलै १९९६

चि. रुचिका,

वैद्यनाथाच्या कृपेने इकडे ठीक. पाऊस बरा आहे. तुझं पत्र आधी दुकानात वाचलं, मग घरी तुझ्या काकूला वाचून दाखवलं. दानम्मा म्हणाली, "पोरगी पुण्यात राहून आपल्या गावाची चौकशी करती, लई झालं."

यादीतले बारा गुण मी स्वतःला लावून बघितले. खोटं कशाला बोलू, चार जमले. वेळ पाळणे, सचोटी, गोड बोलणे आणि काटकसर. 'धोका पत्करणे' इथं मी अडलो. तीस वर्षांत मी दुकानातला गुळाचा डबासुद्धा जागचा हलवला नाही. म्हणजे मी दुकानदार आहे, उद्योजक नव्हे. दोघांत फरक असतो हे तुझ्या यादीमुळे कळलं.

तुझ्या संगमेश्वरदादाचा विचार कर. अंबाजोगाईला बी.कॉम. झाल्यापासून त्याने मोटारपंप दुरुस्ती काढली, मग कॅसेट भाड्याने द्यायला लागला, मग बियाण्याची एजन्सी घेतली. सध्या चौथ्या धंद्याच्या शोधात आहे. पाटी दर वेळी नवी रंगवतो. धडाडी तुझ्या यादीत पाचवी आहे, ती त्याच्याकडे भरपूर.

जाता जाता एक गंमत सांगतो, प्रबंधात घालू नकोस. धनगरवाड्यातली भामाबाई, मेंढरंवाल्या बंकटची बायको, दोन वर्षांपासून माझ्याकडची रिकामी पोती नेते. आधी दहा-वीस न्यायची, आता शंभर-शंभर. प्रत्येक पोतं उजेडाकडे धरून बघते, भोक दिसलं की बाजूला काढते. एकदा मी विचारलं, "भामाबाई, एवढ्या पोत्यांत भरता तरी काय?" म्हणाली, "लेंड्या." दुकानात बसलेली सगळी मंडळी हसली. तीही हसली आणि पोत्यांची चळत डोक्यावर घेऊन गेली. मेंढरांच्या लेंड्या ट्रकाने बार्शीकडे जातात म्हणे. काय काय विकलं जाईल सांगता येत नाही.

संगमेश्वरबद्दल काय ते कळव.

तुझा काका,
वैजिनाथ

*

पुणे,
१५ जुलै १९९६

सौ. भामाबाई यांना,

सप्रेम नमस्कार. मी वैजिनाथ आप्पांची पुतणी, पुण्यात शिकते. आपली ओळख नाही, तरी लिहिते आहे. काकांनी सहज तुमचं नाव लिहिलं आणि मी तिथेच थांबले.

मला बरंच विचारायचं आहे. लेंडीखत विकावं हे तुम्हाला सुचलं कसं? गिऱ्हाईक कुठे शोधलंत? धनगरवाड्यातली बाकीची माणसं तयार कशी झाली? कधी चुकलं का, चुकलं तेव्हा काय केलंत? आणि या धंद्याने तुमच्या भोवतीच्या लोकांचं काय झालं? वेळ मिळेल तसं सांगा. कोणाकडून लिहून घेतलं तरी चालेल.

आपली,
रुचिका

*

युसूफ वडगाव,
२ ऑगस्ट १९९६

रुचिकाताईंना नमस्कार. मी संगीता, भामाबाईंची सून. दहावी झालेली आहे. आत्या सांगतात तसं लिहिते आहे. त्यांनी बजावलंय, मी बोलते तसंच लिव, सुधरू नको.

ताई, रामराम. तुमचं पत्र तीनदा वाचून घेतलं. लोक आमच्या कामाला हसत्यात, न्हाईतर नाकाला पदर लावत्यात. इचारत कुनी न्हाई. तुमी इचारलं तर सगळंच सांगते.

तीन सालामागं आमच्या मालकाच्या पायावरून बैलगाडी गेली. बार्शीला दवाखान्यात दीड म्हैना हुतो. मेंढराच्या मागं चालनाऱ्या मानसाचा पायच गेला तर काय ऱ्हातं? सव्वाशे मेंढरं हुती, तीस ठिवली, बाकी इकली. ती तीस घेऊन पोरगा हरिओम चुलत्याच्या कळपासंगं फिरतो.

दवाखान्यात बसून जीव आंबायचा. मी गावाबाहेर चालत जायची. तितं द्राक्षाची बाग हुती. एक मानूस येलाच्या बुडात काहीतरी टाकत हुता, मुठीनं, जपून, देवाला अक्षता टाकाव्या तसं. जवळ जाऊन बघते तर लेंड्या! मी हसले. तो म्हनला, "कावून हसता बाई?" मी म्हनलं, "आमच्याकडं ह्याच्यावरून चालतेत." त्याचं नाव रामहरी. त्यानं सांगितलं, द्राक्षं आता बाहेरदेशी जात्यात, बागवाल्यास्नी लेंडीखत पुरत न्हाई, लांबून ट्रक मागवावा लागतो. मी इचारलं ओलं का वाळलं, कवा लागतं, किती लागतं. तो म्हनला, बाई, तुमी तर मास्तरापरीस जास्त इचारता.

आमच्यात उन्हाळ्यात मेंढरं दुसऱ्याच्या रानात बसवत्यात, त्याचं धान्य मिळतं. पर पावसाळ्यात रानात पीक असतं. तवा मेंढरं वाड्यातच, आन् लेंड्याचा ढीग तितंच पडून. दिवाळीला कळप निघून जातो, ढीग ऱ्हातो. जलमभर बघितला हुता, पर दिसला न्हवता.

मी दारोदार गेले. बाया तयार झाल्या, बापे हसले. मालक म्हनले, "आता धनगर लेंड्या इकनार व्हय?" मी म्हनलं, लोकर इकतो, दूध इकतो, मेंढरू इकतो. ते मेंढराचंच हाय न्हवं?

चुकलं कवा ते इचारलं तुमी. पयल्याच खेपंला. बासष्ट पोती नेली. रामहरीनं तीन उघडली, तिन्हीत माती-खडे. एका घरानं वाडा खरवडून भरला हुता, पोतं भरावं म्हनून. रामहरी कायबी बोलला न्हाई, नुस्ता बघत ऱ्हायला. मला बोलला असता तर बरं वाटलं असतं. मी म्हनलं, वाळू चाळायची जाळी हाय का? त्याच्या बांधावर बसून दोन दिस बासष्टच्या बासष्ट पोती चाळली. जेवढं खत निघालं तेवढंच दिलं.

गावात आल्यावर कुनाच्या घरात वाळूची चाळण उबी केली, कुनाच्या दारात. चाळल्याबिगर पोतं शिवायचं न्हाई. पोत्यावर लाल रंगानं घराचं नाव. घान निघाली तर कुनाची ते समद्यास्नी दिसंल. ज्यानं माती भरली तो शहादेव दोन म्हैने बोलला न्हाई. आता त्याची बायको छबुबाईच समद्यात बारीक चाळती.

आता सव्वीस घरं हायत आन् अकरा बागवाले. त्यांची नावं-गावं संगीता खाली लिवती, तुमी इचारलं म्हनून. भोवतीच्या लोकांचं काय झालं म्हनता, ते मला सांगता येत न्हाई. तुमी येऊन बघा.

(संगीता: आत्यांनी सांगितलं नाही ते मी लिहिते. मामांनी आता काठीवर चालायला सुरुवात केली आहे. पोती शिवायचं काम तेच करतात. पण कोणी बघत असलं की सुई लपवतात.)

*

पुणे,
२० ऑगस्ट १९९६

ती. स्व. काका,

मला माणूस सापडला! तुम्ही 'प्रबंधात घालू नकोस' म्हणालात तोच. भामाबाईंचं पत्र वाचून मी सरांची यादी बाजूला ठेवली. दवाखान्याच्या पायरीवर बसलेली बाई उठून बागेत जाते आणि विचारते, ओलं का वाळलं. या गुणाला यादीत नाव नाही.

पहिलं प्रकरण लिहून झालं आहे. सरांना फार आवडलं. त्याची एक प्रत सोबत पाठवते. चाळणीची पद्धत, पोत्यावरची नावं, अकरा बागायतदारांची गावं, सगळं घातलं आहे. तुम्ही तिथलेच आहात, काही चुकीचं लिहिलं गेलं असेल तर खुणा करून पाठवा.

संगमेश्वरदादा रागावला नाही ना? त्याच्याबद्दलही लिहायला आवडलं असतं, पण चौथा धंदा अजून ठरायचा आहे असं तुम्हीच लिहिलंत.

तुमची,
रुचिका

*

युसूफ वडगाव,
१४ सप्टेंबर १९९६

चि. रुचिका,

प्रकरण पोचलं. उत्तराला उशीर झाला. श्रावणी सोमवारी परळीला जाऊन आलो, मग गणपतीचा माल भरायचा होता. लिखाण चांगलं आहे. चुका काही नाहीत. भामाबाई पोती उजेडाकडे धरून बघते ते मी लिहिलेलं तू तसंच घातलंस, बरं वाटलं.

संगमेश्वर रागावलेला नाही. त्याने तुझं प्रकरण दोनदा वाचलं. त्याने एक जुना ट्रक घेतला आहे. कामात असतो.

काकूची तब्येत ठीक आहे. ती हल्ली कमी बोलते. बाकी विशेष नाही.

तुझा काका,
वैजिनाथ

*

पुणे,
२० ऑक्टोबर १९९६

सौ. भामाबाई आणि संगीता,

सप्टेंबरात एक पत्र पाठवलं होतं, त्याचं उत्तर आलं नाही. पत्र गहाळ झालं असेल म्हणून पुन्हा लिहिते. द्राक्षाची छाटणी याच दिवसांत असते असं मी वाचलं, म्हणजे तुमची घाई असणार. या मोसमाला किती गाड्या गेल्या? बंकटमामांचा पाय कसा आहे? दोन ओळी आल्या तरी पुरे.

तुमची,
रुचिका

*

युसूफ वडगाव,
२८ नोव्हेंबर १९९६

चि. रुचिका,

हे पत्र मी दोन महिन्यांपूर्वी लिहायला हवं होतं. काल दानम्मा ताट वाढून म्हणाली, "पोरीला तुमी लिवा, न्हाईतर मी लिवते. मला नीट लिवता येत न्हाई, जे येईल ते लिवीन." म्हणून आज दुकान उघडलं नाही.

तुझं प्रकरण आलं त्या दिवशी संगमेश्वरने त्यातली अकरा नावं कागदावर उतरवून घेतली. मी गल्ल्यावर बसून ते बघितलं. विचारलं नाही. मनात म्हटलं, पोरगा एकदाचा कशाला तरी लागतोय.

त्याचा चौथा धंदा हाच. ट्रक घेऊन तो धारूरपासून कळंबपर्यंत फिरला, वाड्यावाड्यांतून खरवडून माल भरला. चाळायला वेळ नव्हता. पोती माझ्याच दुकानातली. भामाबाईच्या आधी आठ दिवस तो बागवाल्यांकडे पोचला. "आमी भामाबाईकडूनच आलोत" असं सांगितलं, आणि खातरजमेला म्हणून तुझं प्रकरण दाखवलं. पुण्याच्या कॉलेजात छापून आलंय म्हणे. अकरापैकी नऊ जणांनी माल घेतला.

छाटणीच्या आधी खड्डे भरताना माती निघाली. भामाबाई तिचा ट्रक घेऊन गेली तेव्हा अकरापैकी एकानेही गाडीची फळी उतरवू दिली नाही; माल न घेतलेल्या दोघांच्याही कानावर ते गेलं होतं. भरलेली गाडी परत आली. त्या दिवशी मी दुकानाच्या पायरीवर उभा होतो. गाडी समोरून गेली. बाई पुढे बसली होती, तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सव्वीस घरांचा माल पडून राहिला. दिवाळीनंतर दरवर्षीपेक्षा सहा घरं जास्त कामासाठी गाव सोडून बाहेर पडली, घरात म्हाताऱ्यांना ठेवून. शहादेवचं घर त्यातलंच. छबुबाई चाळण उलटी करून भिंतीला टेकवून गेली.

मागच्या आठवड्यात मी धनगरवाड्यात गेलो. तीस वर्षांत पहिल्यांदा. बंकट पोतं शिवत बसला होता, त्याने सुई लपवली नाही. भामाबाईने घोंगडी टाकली, पाणी दिलं. मी म्हटलं, "पोराचं चुकलं. काय नुकसान असेल ते सांगा, मी भरून देतो."

ती म्हणाली, "आप्पा, तुमचं पैसं घेऊन मी काय करू? बागवाल्यास्नी वाटतंय मी माती इकली. ते तुमच्या पैशानं पुसतं का?"

"मग काय करू?"

"उद्या माझ्यासंगं गाडीत बसा."

रुचिका, मला तालुक्याच्या बाहेर दोन पाहुणे सोडून कोणी ओळखत नाही. माझी जी काही अब्रू आहे ती या एका गावात आहे. तरी अनोळखी माणसाच्या दारात उभं राहून आपल्याच पोराबद्दल बोलायचं, ते मला कसं जमलं हे अजून कळत नाही. पहिल्या दारात मी आधी पाऊसपाण्याचंच विचारत बसलो. भामाबाई बाजूला उभी होती, तिने मदत केली नाही. मग मी म्हटलं, "ती माती माझ्या मुलानं विकली. पोती माझ्या दुकानातली. या बाईचा त्यात संबंध नाही."

नऊ दारं केली. दोघांनी शिव्या दिल्या. एकाने दार लावून घेतलं. रामहरीच्या बांधावर गेलो तेव्हा तो ऐकून घेऊन म्हणाला, "आप्पा, तुमी विकायला आलात का सांगायला?"

मी म्हटलं, "सांगायला. विकायचं त्यांचं त्या बघतील."

तो भामाबाईकडे वळला. "बाई, गाडी आणा. पर हितं उघडून दावायची."

"न्हाई," ती म्हणाली. "उघडून तुमीच बघायचं. तुमाला पायजे ते पोतं, तुमच्या हातानं."

घरी आल्यावर मी संगमेश्वरला ट्रक घेऊन पाठवलं, जिथे जिथे माती दिली तिथून उचलून आण म्हणून. तो गेला. अजून माझ्याशी धड बोलत नाही, पण गेला.

तुझा यात दोष आहे असं मी म्हणत नाही. मी बघितलं आणि गप्प बसलो, हा माझा. तुला कळावं म्हणून लिहिलं.

तुझा काका,
वैजिनाथ

*

पुणे,
६ डिसेंबर १९९६

सौ. भामाबाई,

काकांचं पत्र आलं. त्यातून सगळं कळलं.

तुम्ही ती अकरा नावं मला दिलीत, कारण मी विचारलं. मी ती कागदावर घालून दुसऱ्याच्या हातात दिली. तुम्हाला विचारावं हे माझ्या मनातही आलं नाही. काका म्हणतात माझा दोष नाही, पण आहे. जे जाणून घ्यायला मिळालं ते वाटून टाकायलाही आपण मोकळे, असं मी धरून चालले.

मी दोन गोष्टी केल्या आहेत. अकराही बागायतदारांना स्वतःच्या हाताने पत्रं लिहिली, की ते प्रकरण छापलेलं नव्हतं, कोणाची शिफारस नव्हती, आणि ते फक्त तुमच्या कामाबद्दल होतं. दुसरं, सरांकडून प्रकरण परत मागून घेतलं. सर म्हणाले, "एवढं चांगलं उदाहरण काढून टाकाल तर प्रबंधात उरेल काय?" मी म्हटलं, ते माझं नाही.

आणखी काय करू ते तुम्ही सांगा. नाही सांगितलंत तरी समजेन.

रुचिका

*

युसूफ वडगाव,
१ जानेवारी १९९७

ताई, रामराम. संगीता लिवती.

तुमची तिन्ही पत्रं आल्ती. मी वाचून घेतली न्हाईत. संगीता म्हनायची वाचू का, मी म्हनायची ठिव. लई राग हुता. संगमेश्वरचा न्हाई एवढा तुमचा. त्याला मी वळखत हुते. तुमाला वळखत न्हवते आन् तरी समदं सांगितलं, म्हनून.

आता वाचलं. रामहरी म्हनला तुमचं पत्र त्याला आलं. आनखी चौघांस्नी आलं, ते मला म्हनले. बाकीच्यांचं ठावं न्हाई.

पाच बागवाले परत आले. सहा न्हाई आले. येतील का न्हाई, मी सांगू शकत न्हाई. पोती आता आमी शिवून नेत न्हाई, तोंड उघडं ठिवतो, तितं बागवाल्यानं बघितल्यावर आमचे मालक शिवतेत. त्यांना आता गाडीत बसवून नेते. बार्शीत त्यांना बघून दवाखान्यातली बाई म्हनली, अरे, हे तर चालायला लागले!

संगमेश्वर आल्ता. म्हनला, मावशी, तुमचा माल माझ्या गाडीनं न्या. मी म्हनलं, आठ दिस छबुबाईच्या जागी चाळायला बस, मग बघू. ती बाहेरगावी गेली ना, जागा मोकळीच हुती. तिसऱ्या दिवशी त्याच्या हाताला फोड आले. पाचव्या दिवशी आला न्हाई. सहाव्या दिवशी परत आला. गाडी देते म्हनलं न्हाई अजून. बघते.

तुमी एक इचारलं हुतं, भोवतीच्या लोकांचं काय झालं. तवा मला सांगता आलं न्हाई. आता सांगते. धंदा चालू हुता तवा कळलं न्हाई, बंद पडला तवा कळलं. सहा घरं गेली तर सहा म्हातारी दारात बसून ऱ्हायली. मनकर्णाबाईला तर डोळ्यानं दिसत न्हाई, तिला भाकर कोन देतं हे मला रोज बघावं लागतं. मी कुनावर उपकार करत हुते असं न्हाई, पर माझं पोतं न्हाई गेलं तर त्यांची चूल इझती, एवढं खरं. ह्याला तुमच्या पुस्तकात काय म्हनतेत ते तुमी लिवा.

प्रकरन काढून टाकू नका. परत लिवा. बागवाल्यांची नावं घालू नका. माझं घाला. भरलेली गाडी परत आली ते बी घाला, आप्पा गाडीत बसले ते बी घाला. कुनाला दावायच्या आधी मला दावा. मी वाचून घेईन.

भामाबाई

*

युसूफ वडगाव,
१६ मार्च १९९७

रुचिकाताई,

हे पत्र माझंच आहे. आत्या झोपडीबाहेर कापडं वाळत घालतायत, त्यांना माहीत नाही मी लिहितेय. म्हणजे माहीत असेल. त्यांना सगळं माहीत असतं.

तुमचा प्रबंध पोचला. मी आत्यांना चार दिवस वाचून दाखवला. 'उद्योजक' शब्द आला की त्या दर वेळी विचारायच्या, हे कोण? मी म्हणायचे, तुमीच. शेवटी म्हणाल्या, "एवढ्या येळा म्हनली तर असंन बाई." एका ठिकाणी मला थांबवलं. तुम्ही लिहिलंय की त्या 'निर्भय' आहेत. म्हणाल्या, "हे खोटं हाय. भरली गाडी परत आली तवा माझे पाय कापत हुते. लिवायचं तर तसं लिव म्हनावं." तेवढं बदला. सरांनी कमी मार्क दिले तर दिले.

आता माझं सांगते. आष्टी तालुक्यात कड्याकडे आमच्यातली पुष्कळ माणसं आहेत. त्यांचा निरोप आला, आमच्याकडे पण ढीग पडून आहेत, भामाबाईला पाठवा. आत्या म्हणाल्या, "मला बार्शी हाय. तू जा."

मी म्हटलं, मी? मला कोण ऐकणार?

"मला कोन ऐकत हुतं?" एवढंच बोलल्या आणि पोती मोजायला लागल्या.

परवा मी एकटी एसटीने गेले. दोनदा गाडी बदलावी लागली. कड्याच्या पुढे मळ्यात तीस-चाळीस माणसं जमली होती. सगळे बापे, बाया लांब, आडोशाला टांगलेल्या घोंगडीच्या पाठीमागे. कोणी माझ्याकडे बघेना. एकजण दुसऱ्याला म्हणाला, "बाई पाठवली का बे, आन् ते पन पोर?" मी ऐकलं. परत जायची गाडी साडेचारला होती, तेवढंच डोक्यात घुमत होतं.

मग मी त्यांच्याशी बोलायचं सोडून सरळ वाड्यात गेले. ढिगाशी बसले. हाताने उकरून वर-खाली केलं. वरचं वाळलेलं होतं, खालचं ओलं, त्यात माती होती. मी विचारलं, "मेंढरं इथं कवापासून बसतेत?" मग विचारलं, "पावसाचं पानी ह्याच बाजूनं येतं का?" तेव्हा एक म्हातारी बाई घोंगडीमागून उठून आली आणि म्हणाली, "हां, ह्याच बाजूनं. मी लई सालापासून सांगते, वाडा तिकडं सरकवा." मग दुसरी आली. त्यांनी सांगितलं, मी ऐकलं. मग मी सांगायला लागले. कधी सांगायला लागले ते मला कळलंच नाही. बापे जवळ येऊन उभे राहिले होते.

त्या म्हातारीचं नाव बायनाबाई. निघताना तिने माझ्या हनुवटीला हात लावून विचारलं, "कोनाची गं तू?"

आमच्यात असं विचारलं की सासऱ्याचं नाव सांगायचं, नाहीतर नवऱ्याचं. फार तर म्हणाले असते, भामाबाईची सून. ते ओठावर आलं होतं.

मी म्हटलं, "मी संगीता. खताचं काम बघते."

तिने एकदा माझ्याकडे नीट बघितलं. मग खाली अंथरलेल्या घोंगडीवर बसली आणि सरकून बाजूला जागा केली. माझी साडेचारची गाडी गेली.

संगीता